घासलेल्या सुऱ्या

पोरानं सुऱ्या घडवल्या आणि घासल्याच नाहीत. अनवरीबींच्या लेखी ह्याहून मोठी बेअदबी त्या घरात झाली नव्हती, आणि बेअदबी झाली की ती कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर सगळं घर पुन्हा आडवं झालेलं. राहता राहिले थोरल्या लेकाचे, मुबारकचे अब्बा, म्हणजे अनवरीबींचे मियाँ. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सकाळची हकीकत त्यांनाच सांगायची ही रीत अनवरीबींनी मोडली नव्हती. उलट आता ते मधे बोलत नसल्यानं हकीकत नीट सांगता येत होती.

"बघा तुमच्या नातवाचं काम," नळापाशी पाटावर टेकत त्या म्हणाल्या. "आठ सुऱ्या. आठच्या आठ काळ्या, डागाळलेल्या, जशा काय नाल्यातून उचलल्या. तुम्ही गिऱ्हाइकाच्या हातात पातं द्यायच्या आधी त्यात आपली मिशी बघायचे. ह्याच्या पात्यात उभी म्हैस दिसायची नाय."

नातवानं, अल्तमशनं, त्यांना सांगितलं नव्हतं असं नाही. चांगलं समोर बसून सांगितलं होतं. जुन्या काळी परमुलखात, वस्ती संपून रान सुरू होतं तिथं राहणारे शिकारी आणि घोडेवाले अशी सुरी कंबरेला लावायचे. जाड पातं, लाकडी मूठ, चामड्याचं म्यान. हौशी लोक आता तशीच मागतात, आणि ती नवी असून जुनी दिसावी लागते. म्हणून दादी, तो काळा रंग मुद्दाम. अनवरीबींनी सगळं ऐकून घेतलं आणि कामचुकारपणाचं एवढं लांबलचक वर्णन आपण जन्मात ऐकलं नाही, एवढं बोलून विषय संपवला. पुऱ्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, काळ्या सुरीला पैसे मोजणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला नाही म्हणजे तो नव्हताच.

आणि आज पोराच्या नशिबाचा दिवस होता. दौलताबादला किल्ल्याच्या खाली सत्यम नावाच्या माणसाचं तंबूंचं रिसॉर्ट होतं. तिथल्या दुकानात ठेवायला त्यानं ह्या आठ सुऱ्या म्यानांसकट मागवल्या होत्या. पसंत पडल्या तर वर्षभराचं काम. मुबारकनं लेकाला बजावून ठेवलेलं: सत्यमनं काम पक्कं केलं तर माझ्यासोबत भट्टीवर बस, नाही केलं तर सोमवारी सरफराजचाचाबरोबर शेंद्र्याच्या कंपनीत जा. मुबारकचा धाकटा भाऊ सरफराज तिथंच कामाला; त्यानं साहेबाच्या कानावर घालूनही ठेवलं होतं.

एवढं सगळं डोक्यावर असताना पोरगं गिऱ्हाइकासमोर मळकी सुरी ठेवणार. अनवरीबींना ते बघवेना. त्यांनी राख घेतली, चिंच घेतली, विटकरीचा भुगा घेतला आणि बाह्या सारल्या.

घासण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न होऊन करमाडहून आल्या तेव्हा सासूनं पहिलं काम हेच दिलेलं. पात्याच्या पाठीकडून धारेकडे, अंगठ्याचा दाब सारखा, उलटा हात कधी फिरवायचा नाही. काळा थर चिवट निघाला. पण अनवरीबी त्याहून चिवट. उन्हं भिंतीवर येईपर्यंत आठही पाती जेवणाच्या पांढऱ्या दस्तरखानवर ओळीनं मांडलेली होती, आणि छतावरचा पत्रा त्यांच्यात लखलखत होता.

अल्तमश तोंडात ब्रश धरून आला आणि दारातच थिजला.

"हे कुणी..."

"मी. दुसरं कोण करणार? तुझ्या अम्मीला झालरीतून सवड हाय का?" यास्मिन, अल्तमशची आई, म्यानं शिवत असे, आणि ह्या म्यानांना तिनं गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून चामड्याच्याच पट्ट्यांची झालर सोडली होती. एवढं नटवलंय तर मेहंदी पण लाव, असं अनवरीबी त्या झालरीवरून उठता बसता टोचत.

अल्तमशनं एक सुरी उचलली. पात्यात त्याचं तोंड दिसत होतं, ब्रशसकट. त्यानं ती जपून परत ओळीत ठेवली.

"लई भारी, दादी," तो म्हणाला. "चमकू राहिल्यात नुसत्या."

आणि निघून गेला.

अनवरीबींना हे गोड वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ह्या पोराला सालनात मीठ कमी झालं म्हटलं तर तो भाजी, मीठ आणि म्हणणारा तिघांवरही वाद घालतो. आज एक शब्द उलटा नाही. त्याला ताप तर नाही ना, म्हणून त्यांनी यास्मिनला कपाळ बघायला पाठवलं. यास्मिन गेली, आणि परत आली ती दस्तरखानकडे न बघता.

"ताप नाही, अम्मा."

"मग तुला काय झालं? तुझं तोंड का उतरलं?"

"मला कुठं काय. छान निघाल्यात सुऱ्या."

मग मुबारक आला. भट्टीशेजारी आयुष्य काढल्यानं त्याचा एक कान गेलेला, त्यामुळे त्याची कुजबुज तिसऱ्या घरात ऐकू जाई. त्यानं सुऱ्या बघितल्या, खोकला, अम्माचा हात अजून तसाच आहे असं काहीतरी पुटपुटला आणि मागच्या खोलीत जाऊन बायकोच्या कानात कुजबुजला: "अम्माला कुणी सांगू नका. तिला लागंल."

अनवरीबींनी भिंतीपलीकडून ते स्वच्छ ऐकलं. काय सांगायचं नाही ते तेवढं कळलं नाही. घरात आपल्यापासून काही लपवलं जातं आहे, आणि तेही आपल्या भल्यासाठी, ह्या विचारानं त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या भल्याचं त्या स्वतः बघत आल्या होत्या.

पण तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. अनवरीबींच्या करमाडच्या भावाच्या झाडाच्या कैऱ्यांचं पोतं घेऊन सरफराज उतरला, आणि त्याच्या मागून आमरीन, त्याची बायको. लोणच्याच्या कैऱ्या दरसाल थोरल्या घरी, अनवरीबींसमोरच कापल्या जात. सुना वेगळ्या झाल्या तरी लोणचं वेगळं होत नाही, हा त्यांचा कायदा. आमरीननं वेगळं बिऱ्हाड केल्यापासून सासूसुनेत कामापुरतंच बोलणं होतं, आणि कामही हल्ली फार निघत नसे.

आमरीन चटईवर बसली, पर्स उघडली आणि हिरव्या प्लास्टिकच्या मुठीची एक बारकी सुरी काढून पुढ्यात ठेवली.

"हे काय म्हणायचं?" अनवरीबींनी विचारलं.

"सुरी, अम्मा."

"कुठून?"

"औरंगपुऱ्यातून आणली."

"चांगलं केलंस. पुढच्या टायमाला येताना प्यायचं पाणी पण घेऊन ये. आमच्या इथल्या नळाला पाणी नसतं."

"तुमच्या पोलादानं फोडी काळ्या पडतात," आमरीन शांतपणे म्हणाली. "दरसाल भाभी एका हातानं कापते अन् दुसऱ्या हातानं पातं पुसते. एक कैरी, एक पुसणं. मला एवढं नाही जमत. हिला पुसावं लागत नाही."

अनवरीबींकडे ह्यावर पाच उत्तरं तयार होती. पण त्याच वेळी सरफराजची नजर दस्तरखानवर गेली. त्यानं एक सुरी उचलली, उलटीसुलटी केली आणि भावाकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "भाई, मग सोमवारचं पक्कंच समजायचं आता."

"का?" अनवरीबी म्हणाल्या. "पक्कं का समजायचं?"

यास्मिन फडक्याच्या घड्या घालू लागली.

"मुबारक?"

"काय नाय, अम्मा. सरफराजला सवय हाय, उगं बोलतो."

"सरफराज?"

"अगं, मी कंपनीचं बोलत होतो. दुसऱ्या एका माणसाचं."

"यास्मिन? व्हय का? दुसऱ्या माणसाचं?"

"असंल, अम्मा."

अल्तमश भट्टीच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता. अनवरीबींनी त्याच्याकडे बघितलं. तो हसला. लहानपणी पडल्यावर 'लागलं नाही' म्हणताना तो हसायचा, तसलं हसू होतं ते.

एवढ्या माणसांत ज्याच्याकडे त्यांना तोंड वळवायचं नव्हतं असं एकच माणूस उरलं होतं. त्यांनी तिकडे तोंड वळवलं.

"आमरीन. तू सांग."

"अम्मा, जाऊ द्या," सरफराज मधे पडला.

"तू गप. मी तिला विचारलंय."

आमरीननं नवऱ्याकडे बघितलं, मग सासूकडे. "तुम्ही पोराचं काम पुसून टाकलंत," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला त्या काळ्याच पाहिजे होत्या. तुम्हाला सांगितलं होतं त्यानं, माझ्यासमोर सांगितलं होतं, मागच्या जुम्म्याला. आता तो येऊन बघंल अन् म्हणंल, ह्या तर कालच्या दिसतात. मला बोलायचं नव्हतं. तुम्ही विचारलंत."

अनवरीबी उठल्या, नळापाशी गेल्या आणि हात धुऊ लागल्या. हाताला काही लागलेलं नव्हतं. धुऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा धुतले. मुबारक कुजबुजला, "म्हणलं नव्हतं, लागंल तिला," आणि शेजारच्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. निदान त्यांनी तसा ठेवला होता.

"कशानं केल्या होत्यास काळ्या?"

"घट्ट चहा केला होता, दादी. त्यात सिरका. त्यात बुडवून ठेवल्या, मग काढल्या, पुन्हा बुडवल्या. तीन दिवस लागले." मग घाईनं, "पण राहू दे, आता काय व्हायचं ते होईल. कंपनी काय वाईट नाय. चाचाला बघ, बूट देतात."

"बुटाचं मी विचारलं का?"

त्यांनी दस्तरखानवरची पहिली सुरी उचलली. पोत्यातली सगळ्यात आंबट दिसणारी, चीक सुटलेली कैरी घेतली, मधोमध चिरली आणि पातं तसंच ठेवलं. यास्मिनचा हात सवयीनं फडकं घेऊन पुढं आला.

"फडकं ठेव तिकडं."

"अम्मा, पातं लगेच डागाळंल. लोणचं काळं पडंल सगळं."

"पडू दे."

हे केवढं बोलल्या ते घरच्यांनाच कळलं. अनवरीबींचं लोणचं गल्लीत उन्हात धरून बघितलं जाई. फोड कशी केशरी पिवळी, कोयीच्या कडेलासुद्धा डाग नाही. करमाडला भावाकडे, दोन्ही नणंदांकडे, मशिदीच्या इमामसाहेबांकडे बरण्या जात, आणि प्रत्येक बरणीमागून 'अनवरीबींसारखा हात नाही' हा निरोप उलटा येई. त्या निरोपावर त्यांचं वर्ष निघे.

"काय बघत बसलात?" त्या म्हणाल्या. "सात सुऱ्या पडल्यात. उचला. सरफराज, तू पण. कंपनीवाल्यांना हात असतात ना?"

आमरीननं आपली हिरवी सुरी पर्समध्ये टाकली आणि हात पुढं केला. अनवरीबींनी तिला दुसरी सुरी दिली, मूठ तिच्याकडे करून.

मग चटईभर कैऱ्याच कैऱ्या झाल्या. अल्तमशला आता कुठं बसवेना. तो एकेकाच्या मागं वाकून बघत फिरू लागला. "अब्बा, टोकापर्यंत रस जाऊ द्या, तुम्ही नुसतं मधेच कापू राहिले. चाची, पातं आडवं ठेव जरा, वाळू दे. मग दुसरी सुरी घे." पांढऱ्या लखलखीत पोलादावर आधी निळसर ढग आला. मग तो करडा झाला, आणि धारेच्या वर तपकिरी, काळ्या रेषा उमटत गेल्या. प्रत्येक हाताची रेष वेगळी. मुबारकच्या दाबानं जाड पट्टे पडले. यास्मिनच्या पात्यावर शिवणीसारखे बारीक ठिपके आले. सरफराजनं कैरीपेक्षा बोटच जास्त कापलं.

"बूट देतात, हातमोजे देत नाय वाटतं," यास्मिन दिराला चिंधी बांधत म्हणाली.

"भाभी, तू पण?"

"अम्माची बाजू घ्यायला आज कुणीतरी पाहिजे."

"माझ्या बाजूला कुणी यायला लागत नाय," अनवरीबी म्हणाल्या. "मी एकटी तुमच्या सगळ्यांना पुरते." पण यास्मिनच्या पुढ्यातल्या कैऱ्या त्यांनी अर्ध्या आपल्याकडे ओढून घेतल्या, कारण रात्रंदिवस चामडं शिवायची आरी चालवून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि कैरीचा रस त्यांत जात होता. ती बोलली नव्हती. अनवरीबींनी बघितलं होतं.

आमरीन मन लावून कापत होती. मधेच म्हणाली, "अम्मा, धार लई चांगली हाय ह्याची. कोय पण जाते."

"मग? आमच्या घरात काय प्लास्टिक बनतं?"

आमरीन हसली. ती हसली की तिचे सगळे दात दिसतात हे अनवरीबी विसरल्या होत्या.

सत्यम ठरल्यापेक्षा लवकर आला. तिशीतला माणूस, दाढी राखलेली, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. त्यानं चटई बघितली, कैऱ्या बघितल्या आणि प्रत्येकाच्या हातात आपली एकेक सुरी बघितली.

"हे..." तो म्हणाला.

मुबारक लगबगीनं उठला. "ते काय हाय, सत्यमभाऊ, आमच्यात अशी पद्धत असते की नवी सुरी द्यायच्या आधी..."

"कसली पद्धत?" अनवरीबी म्हणाल्या. "बस खाली." मग त्या पाहुण्याकडे वळल्या. "पोरानं तुमच्या सांगण्यापरमाणं केल्या होत्या. काळ्या, एकसारख्या. मला वाटलं मळक्या हायेत, मी सकाळी घासून पांढऱ्या केल्या. त्याची चूक नाय. माझी हाय. आता ह्या कैरीनं काळ्या करू राहिलोत. जमल्यात तेवढ्या बघा."

हे सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही. पण हातातली कैरी इतकी घट्ट धरली होती की रस मनगटापर्यंत ओघळला.

अल्तमशनं सुऱ्या धुतल्या, पुसल्या, तेलाचा हात फिरवला आणि एकेक त्याच्या म्यानात घालून पुढं ठेवली. ओलं चामडं त्याच पात्यावर वाळवून प्रत्येक म्यान बसवलेलं. सुरी आत गेली की शेवटी हलकासा टक्क आवाज येई. सत्यमनं आठही काढून बघितल्या, उजेडाकडे धरल्या.

"मला आधी दाखवलेल्या सॅम्पलसारख्या नाहीत ह्या," तो म्हणाला. "ती एकसारखी काळी होती. ह्या आठ म्हणजे आठ तऱ्हा झाल्यात." मग एका पात्यावरच्या रेषांवरून अंगठा फिरवत, "वाईट नाहीत. खोटं कशाला बोलू, मला आवडल्यात. पण मी एकटा नाही ना ठरवत. घेणाऱ्यांना सगळ्या सारख्या लागतात. ह्या आठ घेऊन जातो. पुढच्या कामाचं आत्ता काही बोलत नाही. ह्या विकल्या गेल्या की सांगतो."

"किती दिवसांत?" अल्तमशनं विचारलं.

"ते मला पण नाही माहीत, दादा." त्यानं यास्मिनच्या झालरीला हात लावला. "म्यानं मात्र एक नंबर आहेत." जाताना अनवरीबींना वाकून सलाम करून गेला.

गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेला. सरफराज बोटाच्या चिंधीकडे बघत बोलला. "म्हणजे पक्कं काही झालं नाही, भाई. मी साहेबाला शब्द दिलाय. सोमवारी पोरगं आलं नाही तर माझी पण इज्जत जाते."

मुबारकनं मान हलवली. "मी बोललो होतो ते बोललो होतो. पक्कं झालं तर भट्टी, नाय तर कंपनी. झालं नाय." ह्या वेळी त्यानं कुजबुजायचा प्रयत्नही केला नाही. यास्मिननं तोंड फिरवलं. अल्तमश खाली बसून फोडी परातीत भरत होता. भुरकट, डागाळलेल्या फोडी. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सुऱ्या पांढऱ्या कुणी केल्या, भाईजान?" आमरीननं विचारलं.

"तू मधे पडू नको," सरफराज म्हणाला.

"का नको? मी पण कैऱ्या कापल्या."

अनवरीबींनी परात आपल्याकडे ओढली, त्यात दोन्ही हातांनी मीठ टाकलं, हळद टाकली, आणि काळ्या फोडी खालीवर करत राहिल्या. हळदीचासुद्धा रंग चढेना. मग हात थांबवून त्यांनी नातवाला हाक मारली.

"अल्तमश. इकडं बस. समोर." तो बसला. "सोमवारी तू कुठं जायचं नाय. काम अडकलं ते माझ्यामुळं, अन् मी केल्याची सजा ह्या घरात दुसऱ्या कुणी भोगायची नाय. मुबारक, तू चांगला कान इकडं कर अन् ऐकून ठेव. सरफराज, तुझ्या साहेबाला सांग, म्हातारीनं पोराला धरून ठेवलं. माझं नाव सांग, मला लाज नाय. हे झालं माझं." त्यांनी हळदीचं बोट नातवावर रोखलं. "आता तुझं. तीन दिवसांचं तुझं काम मी पुसून टाकलं, अन् तू मला काय म्हणालास? लई भारी. मी काय पाहुणी हाय? का लेकरू हाय, मला गोळी देऊन झोपवायला? तुझे आजोबा मला तोंडावर बोलायचे, मी त्यांना बोलायचे, म्हणून ह्या घरचं पातं वाकत नव्हतं. इथं एकटी ती तुझी चाची निघाली धारेची, तिच्याकडनं शीक. उद्यापासनं भट्टीवर बसायचं, काळं करायचं का निळं करायचं ते तुझं तू बघ, अन् मी चुकले की तिथल्या तिथं ओरडायचं माझ्यावर. परत एकदा जर माझ्याशी गोड बोललास, तर चाचाला तसदी नको, मीच तुला शेंद्र्याच्या बसमध्ये बसवून येईन."